सहाव्या पाळीचं पाणी

पाचवी काडी संपल्याचा ढोल वाजला, तेव्हा तोकुजी आपल्या शेताच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता. त्याची मुलगी किनुए पार पलीकडे, शेवटच्या बांधावर उकिडवी बसली होती. तोकुजीनं दोन फावडी माती बाजूला ओढली आणि पाणी आत आलं. आलं म्हणायचं एवढंच. पहिल्या सरीतल्या भेगांनीच ते गिळून टाकलं. भात पोटरीला आलेलं, पानं दुपार व्हायच्या आत सुरळीसारखी वळायची, आणि किनुए बसली होती तिथली भेग तर तिचा हात मनगटापर्यंत आत जाईल एवढी होती. तिनं घालून पाहिला होता. आत गरम लागलं.

अर्ध्या शेतापर्यंत ओल पोचली असेल नसेल, तेवढ्यात पुन्हा ढोल वाजला. पाटावरून तोराइची आला. पहिल्या पाळीचा मालक, पाटाचा मुखत्यारही तोच. त्याचं पाणी सकाळीच घेऊन झालं होतं आणि पायाला त्याच्या शेतातला चिखल अजून ओला होता.

"काडी इझली, तोकुजी," तो म्हणाला आणि स्वतःच्या हातानं पाटाची फळी खाली टाकली.

"अजून टोकाला पोचलं न्हाई," तोकुजी म्हणाला.

"काडी समद्यांना सारखी. तुज्या बांधाला खेकड्यांची भोकं, त्याला तळं काय करंल? बांध चोपायचं काम पायाचं असतं, तोंडाचं न्हाई."

तोकुजीनं मान खाली घातली. त्याचा उजवा पाय खुब्यातून जरा आखूड पडायचा, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि तोराइचीला तर नक्कीच. किनुएनं लांबून पाहिलं, बाप वाकला. तिथून ओरडून काय उपयोग होता?

हिराता तळं सहा घरांचं. तळ्याच्या काठावर एक खोपटं आणि त्यात किचिझो आजोबा राखेची पेटी घेऊन बसायचे. राखेत उदबत्तीची काडी रोवायची, ती राखेपर्यंत जळाली की ढोल मारायचा, म्हणजे एका घराची पाळी संपली. सहाही शेतं सारख्या मापाची, म्हणून काड्याही सारख्या. किचिझो त्या स्वतः कातरीनं कापायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील कापायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यावर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. एरवीच्या सालात वरचं मोठं तळं पाठीशी असायचं, हिरातात सतत पाणी उतरायचं, तेव्हा पहिली पाळी काय नि सहावी काय, कुणाला फरक जाणवायचा नाही. या साली मोठं तळं जुलैतच तडकलं. उरलं ते हिराता. डोंगरातल्या झऱ्यावर ते दहा दिवसांत पाणी सोडायच्या मोरीच्या वर एकोणपन्नास बोटं भरायचं आणि सहा काड्यांत एका बोटावर यायचं. ते शेवटचं बोट माशांसाठी सोडायचं.

त्या संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर बैठक बसली. बायकांनी बाहेर थांबायचं, म्हणून किनुए आणि तिची आई इसो पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. ठरायला वेळ लागला नाही. दुष्काळात एखादं शेत सोडून बाकीची वाचवायची ही रीत जुनीच, तेव्हा पाणी न धरणारं शेत सोडावं हे बरं. तोकुजीला आणखी एक पाळी द्यायची, आणि तरीही टोकाचा बांध भिजला नाही तर त्याचं शेत सोडायचं. सुगीत पाचही घरं त्याला एकेक पोतं भात देतील. पाचव्या पाळीचा मोसाकू तर म्हणाला, की बसून खायला मिळतंय, नशीबच म्हणायचं. त्यावर दोघं-तिघं हसले.

तोकुजी 'जी' म्हणाला. आत दुसरं काही म्हणाल्याचं किनुएला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाप-लेकीनं बांध उकरायला घेतला. सगळा, चारही बाजूंचा. वाळलेली माती कुदळीनं फोडायची, घरच्या विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी खांद्यावरच्या कावडीनं आणून ती कालवायची आणि मग अनवाणी पायांनी थापत थापत बांध बांधत जायचा. तोकुजीचा आखूड पाय थापताना चुकीच्या जागी पडायचा, मग तीच जागा तो दोनदा थापायचा. खांद्याची सालं निघाली. इसो बार्लीचा भात आणि खारवलेला मुळा घेऊन यायची, ठेवायची, बांधाकडे बघायची आणि जायची. तीन दिवसांत सगळ्या बांधात मिळून खेकड्याचं एक भोक सापडलं, अंगठ्याएवढं.

"एवढ्यातनं किती जाणार?" किनुएनं विचारलं.

"जातंय तेवढं जातंय," तोकुजी म्हणाला. "लोक म्हणत्यात तर आसंल."

किनुएला या 'आसंल'चा फार राग यायचा. चार वर्षं ती अर्धवेळ शाळेत गेली होती, शेतीची कामं सांभाळून आठवड्यातून तीन दिवस. गणिताच्या जास्तीच्या तुकडीत अकरा जण आणि त्यात ती एकटी मुलगी. तिथे 'आसंल' चालायचं नाही. पाळीनंतर तिनं बांधाच्या बाहेरची माती जागोजागी चाचपून पाहिली होती. दोन दिवस ती कुठेच ओली झाली नव्हती. म्हणजे शेत पाणी सोडत नव्हतं. मुळात आलंच नव्हतं.

मग काडी सारखी असून पाणी कमी कसं?

ती किचिझोंकडे गेली. पाळीच्या सुरुवातीला किती पाणी होतं, शेवटी किती, हे त्यांना तोंडपाठ होतं. मध्ये, प्रत्येक काडीला किती उतरलं, असं तिनं विचारल्यावर म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मधलं कशाला मोजायचं? मोजायला काडी आहे की. आणि तिनं पुन्हा विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजाला धार आली.

"पोरी, माजी काडी खोटी म्हनतीस का?"

"काडी खरी हाय, आजोबा. पाणी सारखं चालत न्हाई, एवढंच म्हनते."

ते तिला पटवता आलं नाही, कारण तिलाच अजून नीट धरता येत नव्हतं. तळं भरलेलं असताना मोरीतून पाणी जोरात सुटतं, हे कुणीही सांगेल. जसं ओसरतं तसा जोर कमी होतो. पण जोर किती, ते पाणी किती उरलं यावर. आणि पाणी किती उरलं, ते आजवर जोर किती होता यावर. शेपटी तोंडात धरून बसलेल्या सापासारखं हे कोडं, कुठून पकडावं तेच कळेना. तण काढताना, कावड वाहताना ती तेच घोळवत राहिली. इसो म्हणाली, की पोरीच्या वयाच्या मुली लग्नाच्या गोष्टी घोळवतात आणि हिच्या डोक्यात मोरी.

घरात न्हाण्याचं लाकडी पिंप होतं, उभ्या सरळ फळ्यांचं, खाली बूच. तिनं एका दुपारी त्यात पाणी भरलं, आतून कोळशानं बोटं आखली, उदबत्ती पेटवली आणि बूच काढलं. काडीचा थोडा थोडा भाग जळला की पाणी कुठे आहे ते ती लिहून घ्यायची. पहिल्यांदा जास्त उतरलं, मग त्याहून कमी, मग आणखी कमी. गंमत अशी, की दर वेळी ते सारख्याच फरकानं कमी होत होतं. हे तिला शाळेत भेटलेलं होतं.

कलनाच्या तासाला मास्तरांनी सांगितलं होतं, की बदलणारी गोष्ट पकडता येत नसेल तर तिचा इतका बारीक तुकडा घ्या, की तेवढ्यापुरती तिला बदलायला सवडच मिळू नये. किनुए परसातल्या ओट्यावर जळत्या काडीसमोर बसली. काडीच्या टोकावरचा राखेचा एक कण. तेवढा कण जळेपर्यंत पाण्याचा जोर बदलत नाही. आणि जोर किती, ते पुस्तकात होतं: तेवढ्या उंचीवरून टाकलेला दगड जमिनीवर ज्या वेगानं आपटेल, त्याच वेगानं पाणी भोकातून सुटतं, म्हणजे उंचीच्या वर्गमूळाच्या हिशेबानं. मग धान्य निवडतात तसं तिनं निवडायला घेतलं. पाण्याचं जे जे असेल ते समीकरणाच्या एका बाजूला, काडीचं जे असेल ते दुसऱ्या. मग एका बाजूचे सगळे कण जोडायचे, दुसऱ्याही बाजूचे जोडायचे. मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेच्या पाठीवर तिनं ते मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. शेवटी इतकं सोपं उत्तर आलं, की तिचा विश्वास बसेना. काडी सारखी जळते, तेव्हा पाण्याची उंची सारखी उतरत नाही. तिचं वर्गमूळ सारखं उतरतं.

एकोणपन्नासाचं वर्गमूळ सात. शेवटच्या एका बोटाचं एक. सहा काड्या, म्हणजे दर काडीला बरोबर एक. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. तळ्याच्या भिंतीही पिंपासारख्याच उभ्या, दगडी. म्हणजे पाणी एकोणपन्नासावरून छत्तीसवर येणार, मग पंचवीस, सोळा, नऊ, चार आणि एक. तोराइचीला तेरा बोटं, दुसऱ्याला अकरा, मग नऊ, सात, पाच. आणि तिच्या बापाला तीन.

तेराला तीन. आणि वर नाव खेकड्याच्या भोकांचं.

ती उठून बांधावर गेली आणि बापाला सगळं सांगितलं. तोकुजी थापता थापता थांबला. त्याला वर्गमूळ कळलं नसेल, पण तेरा आणि तीन कळलं. मग त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं.

"म्हंजे माजा पाय न्हवं," तो म्हणाला.

"न्हाई, बाबा. पाय न्हवं."

पाळीच्या दिवशी सकाळी किनुए तळ्याच्या काठावर चढली. मोरीचा खुंटा काढताना बाईनं काठावर यायचं नाही, असा नेम होता. सहाही घरांचे पुरुष जमलेले, आणि ही सरळ त्यांच्यामधून चालत पाण्यातल्या मापाच्या बांबूपाशी गेली. बांबूवर बोटांच्या खाचा होत्या. तिनं कमरेला खोचलेले सहा लाल दोरे काढले, गुडघाभर, मग मांडीभर पाण्यात उतरली आणि छत्तीस, पंचवीस, सोळा, नऊ, चार आणि एक या खाचांवर ते बांधले. खालचे बांधताना तिला पाण्याखाली डोकं घालावं लागलं. वर आली तेव्हा केस तोंडावर चिकटले होते.

"तोकुजी, आपल्या पोरीला आवर," तोराइची म्हणाला.

तोकुजी जागचा हलला नाही.

"पहिला ढोल वाजंल तवा पाणी पहिल्या दोऱ्यावर आसंल," किनुए म्हणाली. "दुसरा वाजंल तवा दुसऱ्यावर. कुटंबी अर्ध्या बोटाच्या वर चुकलं, तर आमी शेत आजच सोडतो. पोतीबी नगोत. पण बरोबर निगालं, तर काडीवर पाणी वाटायचं बंद. बोटावर वाटायचं, समद्यांना आठ-आठ."

कुणीतरी म्हणालं, की शाळा शिकवली की असंच होतं. मोसाकू म्हणाला की दोरे काय, लग्नाचे असतील. तोराइचीला मात्र यात सोय दिसली. शेत सुटायचंच होतं, आता पोतीही वाचत असतील तर काय वाईट? तो म्हणाला की बरं, सगळ्यांनी ऐकलंय. किचिझोंनी काडी पेटवली.

पहिला ढोल वाजला. दोरा ओला आणि त्याच्या खाली पाणी, जेमतेम दोऱ्याच्या जाडीएवढं. लोक वाकून बघू लागले. दुसऱ्या ढोलाला पाणी पंचवीसच्या दोऱ्यावर असं टेकलं, की मोसाकूनं चेष्टा थांबवली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. तेरा, अकरा. पाचव्या पाळीपर्यंत काय उरेल, ते त्यालाही आता दिसू लागलं होतं.

तिसरी पाळी हात्सुयोची. ती विधवा बाई, घरात कमावता पुरुष नाही, स्वतःच शेताच्या तोंडाशी उभी असायची. तिसरा ढोल वाजला, मोरीला खुंटा बसला आणि तोराइची बांबूपाशी सगळ्यांच्या आधी पोचला.

"चुकली," तो म्हणाला. "या, बगा. पाऊन बोट वर हाय."

खरंच होतं. सोळाचा दोरा पाण्याखाली दिसत होता. तोकुजीनं फावडं जमिनीवर ठेवलं. तिनं मनातल्या मनात सगळं पुन्हा फिरवलं, भोक तेच, भिंती त्याच, दोन काड्या बरोबर निघाल्या आणि तिसरीच चुकते? पाणी चुकत नसतं. मग राहिलं काय? ते तोंडातून काढणं म्हणजे साऱ्या गावाच्या तोंडात मारल्यासारखं होतं. तरी तिनं काढलं.

"दोरा बरोबर हाय," ती म्हणाली. "काडी आखूड जळली."

काठावर एकदम आवाज चढले. तोराइची तर तिच्या अंगावरच आला, म्हाताऱ्या माणसावर आळ घेतेस म्हणून. किनुए जागेवरून सरकली नाही. "एक दहावा भाग कमी," ती म्हणाली. "बगा पेटीत."

किचिझोंचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते खोपट्यात गेले. राखेत बोटं घालून त्यांनी तिसऱ्या काडीचं न जळलेलं बूड उपसलं, मग दुसरीचं, आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. तिसरीचं बूड लांब होतं. काडी रोवताना राखेत जास्त खोल गेली होती, म्हणून वरचा भाग कमी जळला. त्यांचा हात कापत होता, आणि तो आजच कापत होता असं नाही.

ते बूड मुठीत मिटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. किचिझो बाहेर आले आणि त्यांनी हात सगळ्यांसमोर उघडला.

"पोरगी खरं बोलती," ते म्हणाले. "माज्या हातानं चूक झाली. हात्सुयोचं पाणी मी कापलं."

जास्त राहिलेला तेवढा तुकडा त्यांनी मोडला, खुंटा पुन्हा काढायला लावला आणि तो तुकडा वेगळा पेटवला. काठावर सगळे उभे. तुकडा संपला, ढोल वाजला, आणि पाणी सोळाच्या दोऱ्यावर येऊन उभं राहिलं.

त्यानंतर बांबूकडे वाकून बघायची कुणाला गरज वाटली नाही, तरी सगळे बघत होते. नऊ. चार. एक. सहाव्या पाळीला तोकुजीच्या शेतात तीन बोटं पाणी गेलं आणि टोकाचा बांध कोरडाच राहिला. या खेपेला त्यावर कुणी हसलं नाही.

पण तोराइची ऐकणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला की दोऱ्यांचं ठीक आहे, पण काडीची रीत बापजाद्यांची आहे, ती एका दिवसात मोडत नसते, घरं ठरवतील. दुसऱ्या पाळीचा त्याचा चुलतभाऊच. चौथ्यानं आणि मोसाकूनं बोटावर वाटायचं म्हटलं. मोसाकूनं तर असं म्हटलं जणू ही कल्पना त्याचीच होती. तोकुजी धरून तीन. तिकडे दोन. मग तोराइची हात्सुयोकडे वळला आणि मायेनं म्हणाला, की वहिनी, तुमचं तर नुकसानच आहे, काडीवर नऊ मिळतात, बोटावर आठच मिळतील. तीन-तीन झालं तर जुनीच रीत चालेल.

हात्सुयोनं कमरेच्या फडक्याला हात पुसले.

"ढोल वाजला तवा तुमी म्हनालात, चुकली," ती म्हणाली. "माजं पाणी कमी आलंय, हे तुमाला दिसलं न्हाई. तिच्या दोऱ्याला दिसलं. मला आठ पुरं."

दहा दिवसांनी हिराता पुन्हा एकोणपन्नास बोटं भरलं. किचिझोंनी काड्या नव्यानं कापल्या होत्या, किनुएनं आखून दिल्या तशा: पहिली अर्धीहून थोडी मोठी, पुढची प्रत्येक तिच्या आधीच्याहून लांब, आणि सहाव्या पाळीला दोन अख्ख्या. राखेत काडी मात्र आता किनुए रोवत होती. बाईनं काठावर यायचं नाही हा नेम कुणी मोडला असं नाही, पण तो त्या दिवशी कुणी काढलाही नाही. ढोल किचिझोंनी स्वतःकडेच ठेवला.

तोकुजी टोकाच्या बांधाशी उभा होता. भेगांनी आधी पाणी गिळलं, मग गिळायचं थांबलं. भाताच्या बुडांशी ते चढू लागलं, त्याच्या दोन्ही पायांच्या घोट्यांशी आलं. बांधाला पाणी टेकलं तिथे तो वाकून हातानं चाचपत गेला. कुठेही फुटत नव्हतं.

पाटावरून तोराइची आला. फळीवर हात ठेवून उभा राहिला. बराच वेळ झाला होता, एरवी इतक्यात ढोल कधीच वाजून गेला असता.

"तोकुजी, झालं का न्हाई अजून?"

आयुष्यभर या माणसापुढे तोकुजी वाकत आला होता. आज तो वाकलेलाच होता, पण बांध चाचपायला, आणि मान वर न करताच बोलला.

"काडी जळतीय अजून."